काविळीची माळ

मला तुमचा उन्हाळा आवडतो, असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या परभणी जिल्ह्यात येऊन मेला. त्याला कुणी मारलं नाही. मी पाहुणचार केला, एवढंच.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांचा, झरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. एप्रिल संपता संपता औरंगाबादेत परीक्षेचे पेपर तपासून गावाकडं निघालो होतो. देवगाव फाट्याच्या जरा अलीकडं आमची एसटी बंद पडली. सगळे उतरून लिंबाखाली बसलो. तेव्हा मागच्या सीटवरून एक गोरा पोरगा उतरला, माझ्याच वयाचा, पाठीवर त्याच्या डोक्याहून उंच पिशवी. माझ्या शेजारची बाई म्हणाली, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हंत्यात ते हेच की वो. सगळे हसले, तोही हसला. कशाला हसतात ते न कळता हसायची त्याची सवय होती.

मला त्या काळात इंग्रजी बोलायची मोठी खुमखुमी. कॉलेजात शिकलेलं इंग्रजी झरीत कुणावर झाडणार? मी जाऊन बोललो. तो वेरूळची लेणी बघून हैद्राबादकडं चालला होता. घाई कसलीच नव्हती. घरून निघून त्याला सात महिने झाले होते. तुम्ही कोण, असं त्यानं विचारलं. मी मास्तर म्हणालो, आणि का कोण जाणे, बौद्ध आहे असंही सांगितलं. ते ऐकून तो उभाच राहिला. आठ दिवस त्यानं दगडातले बुद्ध पाहिले होते. त्याच्याजवळच्या पुस्तकात लिहिलं होतं की या मुलखातून हा धर्म कित्येक शतकांपूर्वी संपला. मी म्हणालो, आमच्या घरात तो अठरा वर्षांपूर्वी परत आलाय. माझ्या बानं आणि वस्तीतल्या लोकांनी छप्पन साली घरातले देव फडक्यात बांधून गोदावरीत सोडले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि बाचं बोट धरून काठावर उभा होतो. तो म्हणाला, मला तुझ्या वडलांना भेटायचंय. दुसरी गाडी आली, आणि मी त्याला घरी घेऊन गेलो.

आमचं गाव पाथरीपासून दोन कोसांवर, नदीच्या अंगाला. वस्तीत आमच्या दोन खोल्या, वर पत्रे. मायला काही सुचेना. गोऱ्या माणसाला काय खाऊ घालावं? शेवटी तिनं पिठलं केलं आणि ज्वारीची भाकर थापली, आणि तो बोटं चाटून जेवला. बा कालव्याच्या कामावरून आला, हात-पाय धुऊन समोर बसला. त्यानं मला विचारायला लावलं की तुमच्या मुलखात दुष्काळ पडतो का. तो म्हणाला, नाही, सहा महिने बर्फ पडतं. बा म्हणाला, "मग थंडगार मुलूख सोडून हितं उन्हात मरायला कशाला आला म्हणावं." मी त्याला इंग्रजीत सांगितलं की वडील म्हणतात, तुम्ही आलात याचा आनंद झाला. माझ्या दुभाषीपणाची सुरुवात ही अशी होती.

रात्रीचं जेवण झालं की आम्ही अंगणात बाजेवर बसायचो आणि तो बोलायचा. त्याच्या देशात म्हणे माणूस माणसाकडं बघत नाही. शेजारी मेला तर वास आल्यावर कळतं. इथं माणसं तासन्‌तास एकमेकांजवळ बसून असतात, कुणाला घड्याळ नाही, कुणाच्या चेहऱ्यावर घाई नाही. सात महिन्यांत त्यानं खूप देश पाहिले, पण अशी शांतता कुठं दिसली नाही, असं तो म्हणायचा. मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर ती माणसं बसून होती कारण हाताला काम नव्हतं. त्याला जी शांतता दिसत होती तिला आम्ही बेकारी म्हणायचो. पण मी ते बोललो नाही. आपल्या गावाचं कुणीतरी कौतुक करतंय, ते ऐकत राहावंसं वाटत होतं. माझ्या जन्मात ते कुणी केलं नव्हतं.

आणि दुसरं एक होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या गावातल्या हॉटेलात वस्तीच्या माणसांसाठी कानतुटक्या कपबश्या वेगळ्या असायच्या, वळचणीला ठेवलेल्या. आपण उचलायची, वरून ओतलेला चहा घ्यायचा, प्यायचा, आपणच धुऊन परत ठेवायची. मी मास्तर झालो तरी गावात आलो की तीच कपबशी. म्हणून मी गावात चहाच पीत नसे. त्याला घेऊन पहिल्यांदा त्या हॉटेलासमोरून गेलो, तर मालकानं हाक मारली, बाक पुसलं, आणि दोन काचेचे स्वच्छ गिलास आमच्यापुढं ठेवले. दोन. मी बसलो आणि प्यायलो. साहेबाच्या शेजारी बसलेल्या माणसाला उठ कोण म्हणणार? त्या चहाची चव मला अजून आठवते आणि अजून लाज वाटते.

त्यानंतर मला चटकच लागली. चार दिवस मी त्याला उन्हातान्हात फिरवला. पाथरीचा बाजार दाखवला, गोदावरीचं कोरडं पात्र दाखवलं, एसटीनं झरीला नेऊन माझी बंद शाळा दाखवली. ज्या ज्या घराच्या ओसरीवर मला कधी बसता आलं नव्हतं त्या त्या घरी त्याला काहीतरी बघायचं निमित्त काढून नेलं. त्याला जुनं दार बघायचं आहे, त्याला जातं बघायचं आहे. त्यानं काही म्हटलेलं नसायचं, मीच सांगायचो. लोक सतरंजी टाकायचे, पाणी द्यायचे. त्याला पाणी दिलं की मलाही द्यावं लागायचं. मी अगदी शेर झालो होतो. माय म्हणाली, बाबा, त्या लेकराला जरा बसू दे, तोंड बघ कसं उतरलंय. त्याला भूक लागेना, मळमळायला लागलं. तो म्हणाला, ऊन असेल. मीही म्हणालो, ऊनच असणार.

सहाव्या दिवशी सकाळी तो रांजणापाशी तोंड धूत होता. वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले.

आता कावीळ झाली की आमच्याकडं काय करतात ते सांगतो. शेजारच्या गावात किराणा दुकान चालवणारे एक म्हातारे अप्पा होते, लिंगायत घरातले, कपाळाला भस्म, बोलणं मऊ. ते काविळीची माळ द्यायचे. पार सेलू-मानवतहून लोक यायचे. अप्पा पैसा घ्यायचे नाहीत. महादेवापुढं एक नारळ ठेवायचा, बस. माळ म्हणजे कुठल्याशा वेलीच्या ओल्या काड्यांचे बारके तुकडे दोऱ्यात सैल गाठी मारून ओवलेले. ती आधी डोक्यावर टोपीसारखी बसते. मग रोज थोडी थोडी वाढते, कानावर येते, गळ्यात येते, छातीवर येते. माळ जशी उतरते तशी कावीळ उतरते असं म्हणतात. पाच-सहा दिवसांत बेंबीपर्यंत आली की काढून बाभळीवर टाकायची, माणूस बरा.

ही माळ का वाढते ते मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी ते सातवीच्या वर्गात करून दाखवलं होतं. गुळवेलीचे ओले तुकडे गाठी मारून दोऱ्यात ओवले, खिळ्याला टांगले आणि तीन दिवसांनी पट्टीनं मोजले. काडी वाळते, आक्रसते, गाठ ढिली पडते, दोरा सुटतो. कुणाच्याही डोक्यावर ठेवा, खुंटीवर ठेवा, माळ वाढतेच. वर्गाला मी म्हणालो होतो की डोळे उघडे ठेवून जगा.

त्याला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. परभणीला सरकारी दवाखाना आहे हे सांगितलं, आणि माळेचंही सांगितलं. पण माळेचं आधी सांगितलं, आणि रंगवून सांगितलं. शेकडो वर्षांची विद्या, पैसा न घेणारा म्हातारा, रानातली गुपित वेल. त्याला असलं आवडतं हे मला आता पाठ झालं होतं. तो माझ्याकडं थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, चल, जाऊ. मला वाटलं, खूश झाला.

अप्पांच्या दुकानाला चार पायऱ्या आणि वर ओटा. आमच्या वस्तीतलं कुणी माळेला गेलं तर पायरीखाली उभं राहायचं. अप्पा वरून माळ पदरात सोडायचे, मायाळूपणानं सोडायचे, पण सोडायचे. त्या दिवशी अप्पा उठून पुढं आले आणि मला म्हणाले, "या गुरुजी, वर या. सायबाला घिऊन वर या." मी वर गेलो आणि सतरंजीवर बसलो. समोर खाली रस्त्यावरून माझ्या वस्तीतलं कुणी जाताना मला बघावं असं मला वाटत होतं. अप्पांनी चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुतले, पाणी पिवळं झालं. स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर माळ ठेवली. मग पथ्य सांगितलं. तेल नको, हळद नको, फुटाणे खायचे, उसाचा रस प्यायचा. आणि शेवटी म्हणाले, "माळ अंगावर हाय तवर सुई टोचू द्यायची न्हाई. टोचली की उतरती कावीळ माघारी फिरती."

हे वाक्य मी, विज्ञानाच्या मास्तरनं, त्याला इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

घरी आलो तर बा दारात बसला होता. त्यानं पाहुण्याच्या डोक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बा कधी ओरडत नसे. म्हणाला, "आमी अडाणी होतो तवा दोरे तोडले. तू मास्तर होऊन बांधून आलास." मी म्हणालो, पाहुण्याचीच इच्छा आहे, मी काय करू? बा म्हणाला, "त्याला काय कळतंय हितलं? दवाखान्यात ने." मी चिडलो. म्हणालो, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. बा उठून आत गेला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलेना. पाहुण्याशी मात्र बोलायचा, मराठीतच. बाजेशेजारी बसून ओल्या फडक्यानं त्याचे पाय पुसायचा आणि पाऊसपाण्याचं काहीबाही सांगत राहायचा.

दुसऱ्या दिवशी माळ कानावर आली. तिसऱ्या दिवशी गळ्यात. मी त्याच्यापुढं आरसा धरला, बघ म्हणालो, उतरतेय. तो हसला. वस्तीतली माणसं बघायला यायची, म्हणायची की लागू पडलं बरं का. आणि खरं सांगतो, मलाही वाटायला लागलं होतं. वर्गातली पट्टी आणि खिळा मी विसरलो नव्हतो, पण डोळ्यांसमोर माळ खाली सरकताना दिसत होती, आणि मला ती खरी असायला हवी होती. अप्पांनी मला वर बोलावलं ते वाया गेलं असं व्हायला नको होतं. लघवी तर तेलासारखी व्हायला लागली होती. तो दिवसा झोपायचा आणि रात्री टक्क जागा राहायचा. उचक्या लागायच्या, थांबायच्या नाहीत. मी म्हणायचो, उतरताना असं होतं. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही.

पाचव्या दिवशी पहाटे तो मला भलत्याच नावानं हाक मारायला लागला. त्याच्या भाषेत काही विचारत होता आणि मी उत्तर देत नाही म्हणून रडत होता. मी त्याचा हात धरून नुसताच बसून राहिलो. बानं मला काही विचारलं नाही. जाऊन कुणाची तरी बैलगाडी आणली, खाली कडबा अंथरला, वर गोधडी घातली, आणि दोघांनी उचलून त्याला गाडीत ठेवलं. पाथरीला आलो, तिथून परभणीची एसटी धरली. कंडक्टरनं मागची लांब सीट रिकामी करून दिली. बा पायांकडं बसला, मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याची ती डोंगराएवढी पिशवी मी पाठीवरून उतरवायचीच विसरलो होतो, तसाच तिला टेकून बसलो.

अर्ध्या वाटेत तो शुद्धीवर आला. डोळे अजून पिवळे, पण नजर स्वच्छ. मला ओळखलं. छातीवर आलेल्या माळेला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुला सांगायचं राहिलं. माझा यावर कधीच विश्वास नव्हता."

मी विचारलं, "मग नाही का म्हणाला नाहीस?"

"त्या म्हाताऱ्यानं तुला वर बोलावलं, तेव्हा मी तुझा चेहरा पाहिला. मला तो मोडवेना."

एवढंच बोलला. मग डोळे मिटले, आणि उचक्या पुन्हा सुरू झाल्या.

भीड भिकेची बहीण म्हणतात. मला वाटत होतं मी त्याच्या आवडीसाठी करतोय, आणि तो माझ्यासाठी निमूट सोसत होता. दहा दिवस मी त्याला माझ्या देशाचं खोटं भाषांतर करून सांगितलं, आणि त्यानं ते पहिल्यापासून बरोबर वाचलं होतं. ओसऱ्या, गिलास, जातं, जुनी दारं. आपण कशासाठी हिंडवले जातोय हे त्याला कळत होतं. तो हसत हसत हिंडला. बानं मला विचारलं, काय म्हणतंय लेकरू? मी म्हणालो, पाणी मागतंय.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरनं पापण्या उघडून पाहिलं आणि विचारलं, किती दिवस झाले. मी म्हणालो, दोन. बा शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. नर्सनं कात्रीनं माळ कापली आणि बादलीत टाकली. सलाईन लावली. दोन दिवस तो बेशुद्ध होता, तिसऱ्या दिवशी दुपारी गेला. बाहेर डोकं फुटेल असं ऊन होतं. मी डॉक्टरला विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, या रोगाला तसं औषध नाही, वाचलाही असता, नसताही. आधी आणायला पाहिजे होतं, एवढं खरं. मग त्यांना दुसरीकडून हाक आली. त्यांनी मला नीट शिव्या तरी द्यायच्या होत्या. वाचलाच असता, असं तरी म्हणायचं होतं. मधल्यामध्ये लटकत ठेवून ते निघून गेले, आणि मी अजून तिथंच लटकतोय.

पोलिसांनी पंचनामा करून पिशवी ताब्यात घेतली, तारा झाल्या. तिकडून उत्तर येईपर्यंत त्या उन्हात प्रेत ठेवणं शक्य नव्हतं. परभणीतल्या चार ख्रिस्ती माणसांनी येऊन त्याला मातीत ठेवलं. बानं एक ढेकूळ टाकलं. मायला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं बसूनच राहिली, भाकरी जळाली.

शाळा सुरू झाली. अप्पा एकदा त्यांच्या दुकानापुढं वाटेत भेटले, हळहळले. म्हणाले, सुई टोचली असंल. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. ते ओट्यावर गेले, मी खाली रस्त्यावर होतो. मला कुणी वर बोलावलं नाही. हॉटेलात कानतुटकी कपबशी होती तशीच वळचणीला होती.

श्रावणात त्याच्या आईचं पत्र आलं. पत्ता तिला सरकारी कागदातून मिळाला होता. अक्षर मोठं, माझ्यासारख्या परक्याला वाचता यावं म्हणून सावकाश काढलेलं. ती स्वतः दवाखान्यात नर्स होती. तिनं लिहिलं होतं की शेवटी त्याच्याजवळ कुणीतरी होतं याचा तिला आधार वाटतो, तुझ्या आई-वडलांना माझा नमस्कार सांग. आणि खाली एकच प्रश्न होता. त्याचे डोळे पिवळे झाले त्याच दिवशी तुम्ही त्याला डॉक्टरकडं नेलं होतं का?

मी ते पत्र पंधरा दिवस खिशात घेऊन हिंडलो. शाळेत फळ्यावर लिहिताना ते खिशात कुरकुरायचं. मग एका रविवारी गावी येऊन उत्तर लिहायला बसलो. बा समोर बसला होता. तो आता माझ्याशी कामापुरतं बोलायचा. म्हणाला, काय लिहिलं ते वाचून दाखव. मी एकेक ओळ मराठी करून सांगितली. तो आम्हाला फार आवडायचा. माझी आई त्याला रोज भाकरी करून घालायची. वडलांनी त्याचे पाय पुसले. एवढं सगळं खरं होतं. मग शेवटची ओळ आली. या वेळी मी भाषांतर खोटं केलं नाही.

"होय, त्याच दिवशी नेलं, असं लिहिलंय," मी म्हणालो.

बानं कागदाकडं पाहिलं. मला वाटलं, फाड म्हणेल. मी फाडलं असतं.

"तिला बरं वाटंल," तो म्हणाला. "तुला न्हाई वाटायचं."

दुसऱ्या दिवशी झरीला जाताना मी ते पाथरीच्या पोस्टात टाकलं.